सुताराचं काम, बायकांची मदत

११ जानेवारी

प्रिय आत्या,

पाकीट जाड बघून तू म्हणाली असशील, "खडूबाईला पैसे हवेत वाटतं." पैसे नकोत. तू हवी आहेस, आणि तुझा हात हवाय.

फोन केला नाही, कारण फोन आपल्या घरात, बाबांच्या खुर्चीला लागून, आणि ही गोष्ट इतक्यात त्यांच्या कानावर जायला नको. तू मागच्या खोलीत राहतेस, तुझं दार वेगळं, म्हणून पत्र.

आमच्या आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन मार्च-एप्रिलमध्ये आहे. मला एक अख्खी खोली मिळालीय, आणि मी ठरवलंय की ती खोली तुमच्या समान पगाराच्या अर्जाची. लहानपणी शाळा सुटली की मी चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या खिडकीला नाक लावून उभी राहायचे. पुढच्या रांगेत बाबा, त्यांच्या बरोबर मागे तू. दोघांपुढे तेच चाक, हातात तसलाच ब्रश, फिरणाऱ्या ताटलीच्या काठावर तीच निळी रेघ. बाबांना 'रेघकार' म्हणायचे आणि तुला 'मदतनीस'. मला वाटायचं, तुझं आडनावच मदतनीस आहे. पगारात किती फरक आहे ते तू अर्ज केलास तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

तर ऐक. ताटली म्हणजे घड्याळ समज. बाबांच्या पगाराची रेघ बारापासून निघून पुन्हा बाराला येते. तुमचा पगार जिथवर पोहोचतो तिथवरच तुमची रेघ जाईल, म्हणजे आठ वाजतात तिथवर. पुढचा काठ कोरा. अशा ताटल्यांनी मला भिंत भरायचीय. कुणाला काही समजावून सांगायला नको, ताटली बघितली की कळेल.

कारखान्याच्या दारात बाद माल वजनावर विकतात, तो घे. रंग मी पाठवते. बाबांचं जुनं चाक तुझ्याकडेच आहे ना, ज्यावर त्यांनी तुला शिकवलं? मागच्या रांगेतल्या सगळ्याजणींना विचार. एवढी मदत कर माझी.

तुझीच,
खडू

ता. क. बाबांचं चार ओळींचं पत्र आलं होतं. अक्षर इतकं वाकडं की 'अभ्यास' मला 'आवळा' वाटला. एवढी कसली घाई असते त्यांना?


२९ जानेवारी

चि. खडूबाईस आत्याचा आशीर्वाद.

बाळे, तुझ्या कल्पना तुझ्या उंचीपेक्षा नेहमीच मोठ्या. भिंतीवर घोडा काढलास तेव्हाही त्याची शेपटी शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेली होती, आणि तेव्हाही पुसायला मीच होते.

ताटल्या झाल्या. पण तुला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पूर्ण रेघ मारणं हाताला माहीत आहे. चाक फिरलं की श्वास धरायचा, ब्रश टेकवायचा, आणि शेवट सुरुवातीला जाऊन मिळाला की उचलायचा. त्या मिळण्याच्या जागेला आम्ही सांधा म्हणतो, आणि सांधा दिसला तर माल बाद. तू म्हणतेस आठाला थांब. हात थांबतच नाही गं! पहिल्या दिवशी आम्ही बारा बायका नुसत्या एकमेकींना हसत होतो. जिची तिची रेघ सरळ घरी पोहोचलेली. चष्मेवाली तर चिडून म्हणाली, "पगार कापायला साहेबाचा हात जरा अडत नाही, आणि रेघ कापायला आपला अडतोय." मग एकीने चाक अडवायचं, दुसरीने ब्रश उचलायचा, असं करत जमवलं. अर्धवट ताटल्या खोलीभर मांडल्या तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. चष्मेवाली एक ताटली हातात घेऊन कोऱ्या काठावरून बोट फिरवत बसली होती.

रंग कच्चा आहे, बोट लागलं तरी पुसेल. ट्रकवाल्याला बजावलंय. उतरवून घे आणि लगेच तुमच्या भट्टीत भाज.

अर्जाची पहिली तारीख एप्रिलमध्ये आहे. वकीलबाई चांगल्या आहेत. साहेबांचं म्हणणं एकच, की या बायका मदतनीस म्हणून लागल्या, मदतनीसच आहेत. लागले तेव्हा होतेच मी. ताटल्या पुसायच्या, फळ्या उचलायच्या. वर्षाच्या आत ब्रश हातात आला, शब्द मात्र तोच राहिला.

दादा अर्जाच्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. साहेबांनी खिडकीच्या, म्हणजे पुरुषांच्या, रांगेला सांगून ठेवलंय की बायकांना वाढवून दिलं तर तुमचं जादा काम बंद. तो पुढे बसतो, मी मागे. दिवसभर त्याची पाठ बघते. बाकी दिवसभराच्या माझ्या ताटल्या आणि, जाऊ दे. हात भरून येतात हल्ली, एवढंच.

त्याच्या अक्षरावर हसू नकोस.

तुझी आत्या


२० मार्च

प्रिय आत्या,

मी तीन दिवस नीट झोपले नाही आणि तरी मला नाचावंसं वाटतंय!

खोलीत आलं की समोर तुमची भिंत. सुताराने फडताळं इतकी बारीक केलीत की ताटल्या हवेत उभ्या असल्यासारख्या दिसतात. लोक आधी म्हणतात, वा, काय सुंदर निळा. मग जवळ जातात. एक आजोबा आपल्या बायकोला म्हणाले, "अगं, रंग संपला असेल." ती म्हणाली, "रंग नाही संपला, बाई होती म्हणून." आणि ती तिथेच उभी राहून रडायला लागली. मी अशी गोष्ट कधी केली नव्हती, आत्या. वर्तमानपत्रात फोटो आला, सोबत कात्रण आहे.

दाराशी पाटी लावलीय. वर माझं नाव, खाली 'फडताळांचं काम' म्हणून सुताराचं नाव, कारण तो फार मानी आहे, नाव नाही तर खिळा नाही म्हणाला. त्याखाली तुमची ओळ: 'मदत: रेघ विभागातल्या बायका'. तुमची नावं मुद्दाम घातली नाहीत. उगाच साहेबांच्या डोळ्यांवर नको.

काल एक गृहस्थ आले होते, इस्त्रीचा शर्ट, फार गोड बोलणारे. तुमच्याच गावाहून आले म्हणे. ताटल्या कुणी केल्या, तुमचं नातं काय, सगळं आपुलकीने विचारलं. पाटीचासुद्धा फोटो घेतला. बघ, तिकडेही नाव पोहोचलं!

बाबांना आता सांगायला हरकत नाही. की अजून नको?

तुझी,
खडू


४ एप्रिल

चि. खडू,

तारीख झाली. पुढची मे महिन्यात आहे.

पाटीवर काय लिहिलंयस ते मला पुन्हा कळव. शब्द न शब्द, जसंच्या तसं.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

एवढं कोरडं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. तारखेला काय झालं ते एका अक्षराने नाही, आणि पाटीची चौकशी!

पाटी तशीच आहे. माझं नाव. 'फडताळांचं काम' आणि सुताराचं नाव. 'मदत: रेघ विभागातल्या बायका'. तुमची नावं नाहीत याचं वाईट वाटलं असेल, तर मी कारण आधीच लिहिलंय. तुमच्या नोकरीच्या काळजीने मी ते केलं. चष्मेवाली काही बोलली का? तिला म्हणावं, रागवू नकोस, प्रदर्शन संपलं की प्रत्येकीला आपापली ताटली परत देणार आहे.

मला वाटलं होतं, तुम्ही खूश व्हाल.

खडू


१५ एप्रिल

चि. खडू,

तुला रागवायचं नाही असं ठरवून बसले होते. आता ठरवलं ते मोडते, कारण तुला अजून कळलेलंच नाही.

श्रम अधिकाऱ्यांच्या खोलीत एक लांब टेबल आहे. एका बाजूला आम्ही, समोर कारखान्याचे वकील. वकीलबाईंनी आमचं सगळं नीट मांडलं. तेच चाक, तीच रेघ, तोच माल. अधिकारी मान हलवत होते. मला वाटलं, आज सुटलो. मग समोरच्या वकिलाने एक मोठा फोटो टेबलावर सरकवला. तुझी पाटी. म्हणाला, "साहेब, आमचं म्हणणं सोडा. या अर्जदार बाईंची सख्खी भाची, शिकलेली, बायकांच्या हक्कासाठी प्रदर्शन भरवणारी. ती काय लिहिते पाहा. सुताराने केलं ते काम. बायकांनी केली ती मदत."

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "बाई, या ताटल्यांचं तुम्ही काम केलंत की मदत?" मी म्हणाले, "मुलीने मदत मागितली, म्हणून..." आणि तिथेच अडकले. वकील खाली बसला, त्याला आणखी काही बोलायची गरजच उरली नाही.

इस्त्रीच्या शर्टाचे तुझे गृहस्थ कोण ते आता कळलं असेल.

सुताराचं काम आणि आमची मदत. हे तू लिहिलंस, खडू. साहेबाने लिहिलं असतं तर मी दोन शिव्या घालून झोपले असते. इतकी वर्षं ज्या शब्दाने आमचा पगार कापला, तो तू सुंदर अक्षरात रंगवून भिंतीला टांगलास. तुझ्या मनात तसं नव्हतं, मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लागलं. तो शब्द असा अंगवळणी पडलाय की मलासुद्धा तुझं पहिलं पत्र वाचताना तो खुपला नव्हता.

चष्मेवाली म्हणते, ताटली नको परत. घरात फुटक्या नशिबाची भांडी पुष्कळ आहेत.

पुढच्या तारखेला कारखान्याने दादाला साक्षीला बोलावलंय. तो माझ्या पुढेच बसतो, म्हणून त्याची साक्ष वजनदार. मी काय करते ते त्याने सांगायचं.

त्याला तू काही लिहू नकोस. त्याची कारणं त्याच्याजवळ आहेत. एवढं माझं ऐक.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

पाटी उतरवली. त्याच संध्याकाळी नवी लिहिली. वर तुम्ही बाराजणी, तुमच्या टोपणनावांनी, आणि समोर 'काम'. माझं नाव सगळ्यात खाली. वकीलबाईंना फोन केला तर म्हणाल्या, आता उशीर झाला, उलट ते म्हणतील की बायकांनीच बदलायला लावली. बैल गेला आणि झोपा केला.

मी साक्षीला येऊ का? मी सांगते की चूक माझी होती. मी काय बोलू ते तू सांगशील तसं बोलेन.

मला माझीच शिसारी आली आहे. त्या खोलीत लोक रडत होते आणि मी आतून फुगत होते. तुम्ही कारखान्यातून दमून येऊन माझ्यासाठी चाकावर बसलात, आणि मी सुताराशी घासाघीस केली पण तुम्हाला काय द्यायचं हे माझ्या मनातही आलं नाही. आपलीच माणसं म्हणून.

एक गोष्ट तुझी ऐकली नाही. बाबांना पत्र टाकलं. लिहिलं की खिडकीत बसून तुम्हाला उजेड मिळतो, त्यात बहिणीचे हात दिसत नसतील तर उपयोग काय? आणि खोटं बोललात तर तुमच्या पगाराच्या एका पैशावर मी पुढे शिकणार नाही.

लिहिलं ते लिहिलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

खडू


३० मे

चि. खडूबाईस,

तुझ्या फोनला मी आले नाही, वहिनीने सांगितलं असेल. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. आता निवांत बसून लिहिते, तूही बसून वाच.

तुझं पत्र दादाने आठ दिवस खिशात ठेवलं होतं. मग एकदा चहाच्या सुट्टीत माझ्यापुढे धरलं. अर्जानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "वाच. पोरगी बरोबर लिहिते. फक्त कुणाच्या पगारावर शिकतेय ते तिला ठाऊक नाही."

आता तुला सांगते. दोन वर्षं झाली, दादाचे हात कापतात. ब्रश टेकवला की रेघेची नागमोड होते. ज्याने मला श्वास धरायला शिकवलं, त्याला चमच्याने पाणी पिता येत नाही धड. तुझ्या आईला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. तुझं कॉलेज सुरू झालं होतं. मग आम्ही तोड काढली. तो आपली ताटल्यांची फळी हळूच मागे सरकवतो, मी रेघा मारते, फळी पुढे जाते. तपासनिसाला ताटल्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. म्हणजे मी माझ्याही मारत होते आणि त्याच्याही. माझ्या ताटल्यांना माझा पगार आणि त्याच्या ताटल्यांना त्याचा, दोन्हींवर रेघ माझीच.

राग यायचा का, विचारशील. यायचा. त्याची फळी माझ्यापुढे आली की मनात यायचं, हीच रेघ पुढच्या रांगेत गेली की महाग होते. मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण मला घर आणि हे काम त्यानेच मिळवून दिलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. अर्जावर पहिली सही मी केली तेव्हा तो हादरला. त्याला जादा कामाची पर्वा नव्हती. चौकशीला कुणी येऊन आमच्यामागे उभं राहिलं तर फळी सरकणार कशी, ही भीती होती. तो माझ्यावर रागावलाय असं मी तुला भासवलं. खरं तर तो घाबरला होता, आणि मीही.

आता तारखेचं. समोरच्या वकिलाने दादाला गोडीत घेतलं. तुम्ही जुने, तुम्ही मानाचे, वगैरे. मग विचारलं, "या तुमच्या भगिनी विभागात मदतच करतात, नाही का?"

दादा म्हणाला, "करतात."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मला करतात," दादा म्हणाला, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो वाजायला लागला. "साहेब, दोन वर्षांत या हातांनी एक ताटली रंगवलेली नाही. माझ्या नावावरची प्रत्येक रेघ हिची आहे. चांगल्या रेघकाराचा पगार मी घेतो, आणि चांगली रेघकार ही मागे बसलीय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते त्याने खरोखर हात दाखवून करून घेतलं. खिडकीच्या रांगेतली माणसं त्याच्याशी बोलत नाहीत. वहिनी दोन दिवस जेवली नाही. नवरा आजारी आहे याच्यापेक्षा आपल्यापासून लपवलं याचं तिला जास्त लागलंय, आणि ती माझ्याकडे अजून नीट बघत नाही. औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात, कंप थोडा कमी होईल, जाणार नाही. तुझं पत्र त्याला लागलं का, असं विचारू नकोस. लागलं. पण त्याच्यामुळेच तो बोलला, तेव्हा तुला मी काय म्हणू?

समोरचा वकील लगेच म्हणाला, एकीने भावाला मदत केली, त्यावरून बाराजणींचं काय सिद्ध होतं? निकाल लागला नाही. पुढची तारीख पावसाळ्यानंतर.

आठवडाभरात कारखान्याने दादाला खिडकीतून उठवला. काढून टाकलं असतं तर बोभाटा झाला असता, म्हणून मागच्या रांगेत आणला, माझ्या शेजारी. काम काय, तर ताटल्या पुसायच्या आणि फळ्या उचलायच्या. हुद्दा मदतनीस. मला रडू आलं. तो म्हणाला, "रडतेस काय? निदान एकाला तरी नाव बरोबर दिलं."

आणि आता खरी गोष्ट. काल पगार झाला. दादा ताटली पुसता पुसता थांबला आणि हळूच म्हणाला, "तुला किती मिळाले गं?" मी सांगितलं. त्याने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मला तुझ्यापेक्षा जास्त आलेत."

मला वाटलं चूक झाली असेल. तो स्वतः उठून पगार वाटणाऱ्या कारकुनाकडे गेला. कारकून म्हणाला, "काका, चूक नाही. हा पुरुष मदतनिसाचा पगार. बायकांचा वेगळा असतो."

बघ, खडू. इतके दिवस म्हणत होते, तुम्ही मदतनीस म्हणून कमी. आता तोही मदतनीस. तो फडकं फिरवतो, मी रेघ मारते, शब्द दोघांना एकच, आणि पैसे तरी त्याला जास्त. वकीलबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, कारखान्याने आपल्या हाताने आपला मुद्दा पुसून टाकला. पण हे तारखेला सांगायचं तर दादाने सांगायला हवं, आणि मग त्याचे जास्तीचे पैसे राहतील की नोकरीच जाईल, कुणी सांगावं. मी त्याला म्हणाले, राहू दे, तू पुष्कळ केलंस. तर माझ्यावरच खेकसला, "मी केलं काय? तूच करत होतीस." तो सांगणार आहे.

जिंकू की नाही माहीत नाही. चष्मेवाली म्हणते जिंकू, पण तिला चष्म्यातूनही सगळं चांगलंच दिसतं. रात्री मला भीती वाटते. सकाळी कामावर जाते.

तुझ्या फीचं मनाला लावून घेऊ नकोस. ते पैसे कुणाचे हे आम्हा दोघांना आता वेगळं करता येणार नाही. पण पुढच्या वेळी बायकांकडून काम करून घेशील तेव्हा आधी काय देणार ते विचार, मगच रंग पाठव. हे मात्र मनाला लावून घे.

ट्रकवाल्याबरोबर एक ताटली पाठवतेय, चांगल्या मालातली, विकत घेतलेली. बारापासून बारापर्यंत. सांधा शोधून दाखव. जुनं प्रदर्शन संपलं असलं तरी कुठेतरी मांड, आणि खाली पाटी लाव. दादा शेजारीच बसलाय, त्याला दोन ओळी लिहायच्यात म्हणतो. मी म्हणाले, मी लिहिते, तू सांग. तर नको म्हणाला.

आत्या

खडू, ही ताटली आत्याने रंगवली. मी पुसली. पाटीवर तसंच लिही. काम तिचं, मदत माझी. अक्षर वाकडं आलंय. घाई नव्हती.
बाबा